ईसीजीची पट्टी हातात आली की काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं

ईसीजीचा कागद हातात आला की बहुतेक जण सगळ्यात आधी वर छापलेली ओळ वाचतात. "अबनॉर्मल ईसीजी", "बॉर्डरलाइन", "सायनस अरिदमिया", "नॉनस्पेसिफिक एसटी-टी चेंजेस" असलं काहीतरी तिथे असतं आणि वाचूनच पोटात गोळा येतो. ही ओळ मशीनमधल्या प्रोग्रामने लिहिलेली असते हो. समोर झोपलेल्या माणसाच्या छातीत दुखतंय का, त्याला कुठल्या गोळ्या चालू आहेत, मागच्या वर्षीचा ईसीजी कसा होता, यातलं त्याला काही माहीत नसतं. आता "सायनस अरिदमिया"च घ्या, तरुण माणसात श्वास आत घेताना ठोके जरा जलद होतात आणि सोडताना हळू होतात, त्यालाच हे नाव आहे, आजार नाहीये तो. म्हणून ती ओळ शेवटी वाचा, आधी पट्टी बघा. निदान डॉक्टरच करणार, पण ठोका कुठून निघतोय, किती वेगाने येतोय, नियमित येतोय का, एवढं थोड्या सरावाने कुणालाही कळतं, आणि एवढं कळलं तरी डॉक्टरांशी बोलताना खूप फरक पडतो.

आधी वायरिंग समजून घेऊ, कारण ती डोक्यात बसली नाही तर पुढचं सगळं पाठांतर होतं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एसए नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो, तो स्वतःहून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची लहर सोडतो. ती लहर वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, मग मधल्या एव्ही नोडमध्ये क्षणभर रेंगाळते (ते रेंगाळणं मुद्दाम आहे, वरच्या कप्प्यातलं रक्त खाली उतरायला वेळ मिळावा म्हणून), आणि तिथून हिज बंडल, उजवी-डावी शाखा आणि पर्किंजे तंतूंमधून भर्रकन खालच्या कप्प्यांत जाते. एसए नोड बंद पडला तर एव्ही नोड ४० ते ६० च्या वेगाने काम हातात घेतो, तोही नाही चालला तर खालचे कप्पे स्वतः २० ते ४० ने कसेबसे ठोके देतात. म्हणजे नुसता वेग बघूनसुद्धा ठोका कोण देतंय याचा अंदाज लागायला सुरुवात होते.

कागदावर पहिला छोटा उंचवटा दिसतो तो पी, वरच्या कप्प्यांचा. मग उंच टोकदार क्यूआरएस, खालच्या कप्प्यांचा. त्यानंतरचा पसरट उंचवटा टी, खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतात त्याचा. ही नावं विलेम आइंटहोव्हेन या डच शास्त्रज्ञाने दिली, आज सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी तीच चालू आहेत. त्याच्या काळात पेशंटला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागायचं, आजच्या चिकटपट्ट्या आणि क्लिपांचं काम ती भांडी करायची. या कामासाठी त्याला १९२४ चं नोबेल मिळालं.

आता कागद. बारीक चौकोन १ मिलिमीटरचा, आणि पाच बारीक मिळून एक मोठा चौकोन. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, म्हणून आडवा एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि एक मोठा म्हणजे ०.२ सेकंद. पट्टीच्या खाली वेग छापलेला असतो, तो २५ च आहे ना हे आधी बघून घ्या, कारण चुकून ५० वर काढलेला असला तर सगळं दुप्पट पसरलेलं दिसतं आणि तुमचं गणित पार बोंबलतं. उभ्या दिशेने १० मिलिमीटर म्हणजे १ मिलिव्होल्ट.

पहिला प्रश्न वेग. दोन शेजारच्या टोकांमध्ये, म्हणजे आर ते आर (आर म्हणजे क्यूआरएसचं वरचं टोक), किती मोठे चौकोन आहेत ते मोजा आणि ३०० ला त्याने भागा. तीन चौकोन असतील तर १००, चार असतील तर ७५, पाच असतील तर ६०. ठोके अनियमित असतील तेव्हा मात्र हे चालत नाही, तेव्हा खालची लांब पट्टी घ्यायची, ती साधारण १० सेकंदांची असते, तिच्यातले सगळे क्यूआरएस मोजायचे आणि ६ ने गुणायचे.

दुसरा प्रश्न नियमितपणा, आणि डोळ्यांवर इथे अजिबात विश्वास ठेवू नका. एक कोरा कागद घ्या, त्याची कड पट्टीवर टेकवा, दोन आर टोकांच्या खाली पेन्सिलने दोन खुणा करा आणि मग कागद पुढच्या जोडीवर सरकवा. खुणा बरोबर बसत गेल्या तर नियमित. समजा लांब पट्टीत १९ क्यूआरएस आहेत, म्हणजे वेग ११४ झाला, आणि कागद सरकवताना पहिलं अंतर दोन चौकोन, पुढचं साडेतीन, मग अडीच, मग परत दोन, मग जवळजवळ चार असं काहीही निघतंय, कुठलाच नमुना परत येत नाही. मग क्यूआरएसच्या आधीची रेघ बघा, तिथे पी नाहीच, नुसती बारीक थरथर आहे. हे झालं एट्रियल फिब्रिलेशन, ज्याला सगळे एएफ म्हणतात. पेन्सिल आणि कागदाच्या कडेवर एवढं कळतं. मला तर वाटतं ईसीजी शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिले काही महिने असंच काम करावं.

तिसरा प्रश्न पी आहे का, आणि प्रत्येक पी च्या मागे क्यूआरएस येतो का. कागदावर लीड एक, लीड दोन, एव्हीआर अशी नावं असतात, लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एक ठरावीक दिशा. एसए नोडमधून ठोका निघाला असेल तर लीड दोनमध्ये पी वर उठलेला असतो आणि एव्हीआर या लीडमध्ये उलटा. एव्हीआरमध्ये सगळंच उलटं दिसतं, ते नॉर्मल आहे, बऱ्याच जणांना ते बघूनच धडकी भरते. पण लीड एकमध्ये पी आणि क्यूआरएस दोन्ही खाली गेलेले दिसले तर आधी उजव्या-डाव्या हाताच्या वायरींची अदलाबदल झालीय का ते विचारा, मोठ्या आजाराचा विचार त्यानंतर. असं फार वेळा होतं आणि दोन मिनिटांत दुसरा ईसीजी काढून प्रश्न मिटतो.

चौथा प्रश्न मोजमापं. पी सुरू होतो तिथपासून क्यूआरएस सुरू होईपर्यंत (याला पीआर म्हणतात) तीन ते पाच बारीक चौकोन हवेत. क्यूआरएसची रुंदी तीन बारीक चौकोनांच्या आत हवी, रुंद असला तर एक तर कुठल्या तरी शाखेत अडथळा आहे, किंवा ठोकाच खालच्या कप्प्यातून निघालाय, किंवा वरची लहर आडवाटेने खाली येतेय, शिवाय पोटॅशियम खूप वाढलं किंवा काही औषधांचा परिणाम असला तरी रुंदावतो. मग क्यूटी, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचं अंतर. वेग नॉर्मल असताना ते दोन आरमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी असायला हवं, मशीन वेगानुसार दुरुस्त केलेला आकडा क्यूटीसी म्हणून छापतं, आणि तो ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर दुर्लक्ष करायचं नाही. हा आकडा मी मुद्दाम सांगतेय कारण तो नेहमीच्या औषधांनी वाढू शकतो. ॲझिथ्रोमायसिन, ऑन्डान्सेट्रॉन, हॅलोपेरिडॉल, सिटालोप्रॅम अशी औषधं वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या कारणांनी दिलेली असतात, वर उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घसरलेलं असतं, आणि एकेकट्याने काही झालं नसतं ते एकत्र येऊन होतं. तेव्हा होणारा रिदम (ठोक्यांचा ताल) म्हणजे टोर्साद, ज्यात टोकं रेघेभोवती पीळ घेत वरखाली होतात, आणि माणूस पटकन बेशुद्ध पडतो. म्हणून क्यूटी वाढलेला सांगितला असेल तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, सर्दी-अ‍ॅलर्जीच्यासुद्धा. मनाने बंद मात्र काहीच करू नका.

एसटीबद्दल थोडक्यात, कारण तो हार्ट अटॅकचा विषय आहे आणि आपला रिदमचा. क्यूआरएस आणि टी मधली रेघ शेजारशेजारच्या लीडमध्ये वर उचललेली असेल तर धोका. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ हृदयाची खालची बाजू दाखवतात, व्ही एक ते व्ही चार पुढची, आणि लीड एक, एव्हीएल, व्ही पाच, व्ही सहा डावी कड. एक गोष्ट घट्ट धरून ठेवा, पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाही असं होत नाही. छातीत दुखणं चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने परत ईसीजी आणि रक्तातली ट्रोपोनिन टेस्ट (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते सांगणारी) लागते. "ईसीजी नॉर्मल होता म्हणून घरी आलो" हे वाक्य ऐकलं की मला धस्सच होतं.

आता रिदमचे आजार, आणि इथे मी एक एक नीट सांगते.

सगळ्यात जास्त दिसतात ते मधेच येणारे जादा ठोके. ठोका चुकल्यासारखा वाटतो, मग एक जोरात धक्का बसतो. खरं तर एक ठोका वेळेच्या आधी आलेला असतो, त्यानंतर थोडा मोठा थांबा येतो आणि पुढच्या ठोक्यात रक्त जास्त भरल्यामुळे तो जोरात जाणवतो. वरच्या कप्प्यातून आला तर बारीक क्यूआरएस, खालच्या कप्प्यातून आला तर रुंद, बेढब. हृदय बाकी धडधाकट असेल तर अधूनमधून येणारे असे ठोके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण खूप वारंवार यायला लागले, व्यायाम करताना वाढले, किंवा सोबत चक्कर-बेशुद्धी असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर इको (हृदयाची सोनोग्राफी) वगैरे करून घ्यायलाच हवं.

एएफचं वर सांगितलं. त्यात धडधडीपेक्षा मोठी भीती लकव्याची आहे. वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, डाव्या वरच्या कप्प्याच्या एका छोट्या पिशवीसारख्या भागात रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत जाऊ शकते. एएफमुळे स्ट्रोकचा धोका साधारण पाच पटीने वाढतो. म्हणून वय, ब्लडप्रेशर, डायबिटीस, आधी झालेला स्ट्रोक, हार्ट फेल्युअर हे सगळं बघून रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यायची की नाही ते ठरतं. ॲस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही. आणि काहींना एएफ जाणवतच नाही, धडधड नाही, दम नाही, काही नाही, पण गुठळीचा धोका तेवढाच, त्यामुळे "मला काही त्रास होत नाही" म्हणून ती गोळी सोडून देणं हे फार महागात पडतं. सोबत थायरॉइड तपासा, बीपी आटोक्यात ठेवा, दारू आणि झोपेतलं घोरणं-श्वास अडकणं याबद्दल डॉक्टरांना खरं खरं सांगा.

एएफचाच भाऊबंद फ्लटर. वरचे कप्पे मिनिटाला साधारण ३०० च्या वेगाने पण नियमित फिरत असतात, रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते, आणि एव्ही नोड बरेचदा दोनातली एकच लहर खाली सोडतो म्हणून ठोके १५० येतात. बसल्या जागी, हलत नसलेला, घट्ट १५० वेग दिसला की फ्लटर आहे का हे शोधायचंच.

एसव्हीटी, म्हणजे वरच्या कप्प्यांतून किंवा एव्ही नोडच्या भागातून सुरू होणारी जलद धडधड, हा मला सगळ्यात जास्त तळमळून सांगावासा वाटणारा आजार आहे. बटण दाबल्यासारखे ठोके एकदम १८०-२०० वर जातात आणि तसेच एकदम थांबतात, पट्टीवर बारीक क्यूआरएस, एकदम नियमित, पी दिसत नाही किंवा क्यूआरएसला चिकटलेला. माणूस, विशेषतः तरुण मुलगी, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं थांबलेलं असतं, ईसीजी स्वच्छ येतो आणि "टेन्शन घेऊ नका, पॅनिक अटॅक आहे" असं सांगून घरी पाठवलं जातं, असं वर्षानुवर्षं चालतं. ईसीजी खोटं बोलत नाही, पण तो फक्त त्या १० सेकंदांबद्दल बोलतो. धडधड थांबल्यावर काढलेला नॉर्मल ईसीजी धडधडीबद्दल फारसं काहीच सांगत नाही. त्यामुळे धडधड कशी सुरू झाली, हळूहळू का एकदम, कशी थांबली, हे डॉक्टरांना शब्दांत नीट सांगा, एकदम सुरू आणि एकदम बंद हा फार मोलाचा धागा आहे.

यावर एक युक्ती आहे, पण आधी आपल्या डॉक्टरांकडून शिकून घ्या. अर्धवट बसून १५ सेकंद जोर लावून फुंकायचं, १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या हलेल इतपत, मग लगेच कुणीतरी तुम्हाला आडवं करून पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरायचे. २०१५ साली ब्रिटनमधल्या रिव्हर्ट नावाच्या अभ्यासात या पद्धतीने ४३ टक्के लोकांचा रिदम जागेवर आला, नुसतं बसून फुंकणाऱ्यांत १७ टक्के. नाही थांबलं तर हॉस्पिटलमध्ये ॲडेनोसिनचं इंजेक्शन देतात, ते काही सेकंदच टिकतं, पण तेवढ्या वेळात छाती दाबल्यासारखं, काहीतरी भयंकर होणार असं वाटतं, हे आधी माहीत असलं की माणूस कमी घाबरतो. आणि वारंवार होत असेल तर ॲब्लेशनने (नळी घालून हृदयातली ती चुकीची वाट बंद करणं) शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांचा हा प्रश्न सुटतो.

ईसीजीवर पीआर आखूड आणि क्यूआरएसची सुरुवात तिरपी चढल्यासारखी दिसली तर डब्ल्यूपीडब्ल्यू, म्हणजे एव्ही नोडला वळसा घालणारी जन्मजात जादा वाट. अशा माणसाने ही गोष्ट प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायची, कारण त्याला एएफ झालं तर वेग कमी करायची काही नेहमीची औषधं उलट घातक ठरतात.

आता हळू ठोके. खेळाडूंचे झोपेत ४० च्या आसपास जाणं नवलाचं नाही. पीआर पाच बारीक चौकोनांच्या वर पण प्रत्येक पी ला क्यूआरएस आहे, हा पहिल्या पायरीचा ब्लॉक (लहर वरून खाली जाताना होणारा अडथळा), बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. पीआर लांबत लांबत जाऊन एक ठोका गळतो तो वेंकेबाख, तोही बरेचदा सौम्य. पण पीआर अजिबात न लांबता अचानक ठोका गळला तर तो मोबिट्झ दोन, आणि पी आपल्या वेगाने, क्यूआरएस आपल्या वेगाने, दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही, हा पूर्ण ब्लॉक. पेन्सिलच्या खुणा आधी पी वर आणि मग क्यूआरएसवर सरकवून बघा, दोन वेगळे ताल लख्ख दिसतात. या दोन्हींत सहसा पेसमेकर लागतो. पेसमेकर म्हटलं की घरचे हादरतात, त्यांना सांगा की १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाला पहिल्यांदा शरीरात पेसमेकर बसवला, तो पहिला काही तासांतच बंद पडला, पुढे आयुष्यभरात विसाहून जास्त बदलले, आणि तो माणूस २००१ पर्यंत जगला.

सगळ्यात घातक म्हणजे रुंद क्यूआरएस आणि जलद वेग, व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यांतून निघणारे जलद ठोके. तज्ज्ञांनी वेगळं सिद्ध करेपर्यंत तो व्हीटीच धरायचा, माणूस शुद्धीवर आहे, बोलतोय म्हणून हलक्यात घ्यायचं नाही. त्यापुढचं व्हीएफ, खालचे कप्पे नुसते थरथरतात, त्यात आकार उरतच नाही, नाडी नसते, माणूस कोसळतो. तिथे पट्टी वाचत बसायचं नाही. हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर ॲम्ब्युलन्सला फोन, आणि लगेच छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायला सुरुवात, जवळ एईडी (हृदयाला शॉक देणारी छोटी पेटी) असेल तर ती आणायला दुसऱ्याला पळवा. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

मात्र व्हीटीसारखं दिसणारं सगळं व्हीटी नसतं. हात कापणाऱ्या, थंडीने कुडकुडणाऱ्या किंवा दात घासत असलेल्या माणसाची पट्टी अगदी तशी दिसू शकते, आणि माणूस मजेत बसलेला असतो. अशा वेळी त्या गोंधळात ठराविक अंतरावर टोकदार खरे क्यूआरएस चालत गेलेले दिसतात का ते बघायचं, आणि दुसऱ्या लीडमध्ये रेघ स्वच्छ आहे का तेही. म्हणून ईसीजी काढताना हात अंगाशी सैल सोडा, बोलू नका, थंडी वाजत असेल तर पांघरूण मागा.

येऊन-जाऊन होणाऱ्या धडधडीसाठी उपाय एकच, ती होत असताना पकडायची. रोज होत असेल तर २४ किंवा ४८ तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र), आठवड्याला एकदा होत असेल तर जास्त दिवसांचा पॅच, आणि महिनोन्महिने काही नाही आणि एक दिवस धाडकन बेशुद्धी असं असेल तर कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर, तो तीनेक वर्षं चालतो. आठवड्यातून एकदा होणाऱ्या त्रासासाठी एका दिवसाचा होल्टर लावून "काही सापडलं नाही" म्हणणं पटत नाही मला, हे तुम्ही डॉक्टरांना विचारू शकता. होल्टर लावलेला असताना डायरी लिहायचीच, किती वाजता काय झालं, तेव्हा काय करत होता. स्मार्टवॉचचा ३० सेकंदांचा ईसीजी एका लीडचा असतो, एएफ पकडायला आणि धडधडीचा पुरावा ठेवायला तो खरंच कामाचा आहे, पण हार्ट अटॅक त्यावर कळत नाही, छातीत दुखत असताना घड्याळ बघत बसू नका.

घड्याळ नसेल तर मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, आकडा लिहा आणि पुढे "नियमित" किंवा "अनियमित" लिहा. धडधडीसोबत छातीत दुखणं, दम लागणं, बेशुद्धी किंवा बेशुद्धीसारखं वाटणं असेल तर नोंदी नंतर, आधी इमर्जन्सीला जा.

आणि जुने ईसीजी टाकून देऊ नका. नव्या पट्टीतला बदल आजचा आहे का दहा वर्षांपूर्वीपासूनचा, हे जुन्या पट्टीशिवाय कुणालाच सांगता येत नाही. पण बऱ्याच मशीनचा कागद थर्मल असतो, फाइलमध्ये ठेवला तरी उडत जातो, प्लास्टिकच्या पिशवीत आणि उन्हात तर लवकरच. काढला त्याच दिवशी सपाट ठेवून मोबाइलवर फोटो घ्या, चारही कडा आणि खालचा वेगाचा आकडा दिसेल असा, एक झेरॉक्स काढा, आणि मागे तारीख आणि त्या वेळी काय होत होतं ते लिहून ठेवा.